सर्वाधिक स्ट्राइकआउट एकाचे, साय यंग दुसऱ्याला : मग या यादीचं मोल काय?

फेनवेकर (धागाकर्ता)

२०२५ चा बेसबॉल मोसम संपला, पारितोषिकं वाटून झाली, पण आमच्या बॉस्टनच्या मराठी कंपूतला एक वाद काही केल्या मिटत नाही. म्हणून तो इथे आणतोय.

यंदा दोन्ही लीग मिळून सर्वात जास्त स्ट्राइकआउट आमच्या रेड सॉक्सच्या गॅरेट क्रोशेचे, २५५. त्याच्या मागे डेट्रॉइट टायगर्सचा टॅरिक स्कूबल, २४१. नॅशनल लीगमध्ये पहिला आला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा लोगन वेब, २२४. आता पुरस्कार बघा. अमेरिकन लीगचा साय यंग, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) पुरस्कार, स्कूबलला. नॅशनल लीगचा पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सला, ज्याचे स्ट्राइकआउट २१६. म्हणजे दोन्हीकडे स्ट्राइकआउटच्या यादीत जो पहिला, त्याच्या हाती पुरस्कार नाही. २०२४ ला नेमकं उलट झालं होतं. तेव्हा स्कूबल (२२८) आणि अटलांटाचा क्रिस सेल (२२५) आपापल्या लीगमध्ये स्ट्राइकआउट, विजय आणि ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) या तिन्हींत अव्वल होते आणि दोघांनाही साय यंग मिळाला.

माझं मत स्पष्ट आहे. क्रोशेने २०५ हून जास्त इनिंग टाकल्या, त्याही अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक. दर पाचव्या-सहाव्या दिवशी माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उभं राहायचं आणि २५५ जणांना रिकाम्या हाताने परत पाठवायचं, याला मोल नसेल तर कशाला आहे? हल्ली जो तो टक्केवारी काढतो आणि एकूण आकड्याला नावं ठेवतो. मला ते पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

रानजाई

धागा वाचतेय. मुलगा शिकागोला गेल्यापासून घरात बेसबॉलचा विषय निघतो, पण स्ट्राइकआउट म्हणजे नक्की काय ते कुणी नीट सांगेल का? तीन वेळा हुकला की आउट, एवढंच कळलंय.

आकडेमोड

रानजाई, एवढं कळलं म्हणजे बरंचसं कळलं. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. बॅट फिरवून हुकला तर स्ट्राइक, चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला आणि याने बॅटच हलवली नाही तरी स्ट्राइक. फाउल, म्हणजे रेषेबाहेर, मारला तर पहिले दोन स्ट्राइक मोजतात. तिसरा तसा मोजत नाहीत, फक्त बंट (बॅट नुसती टेकवून मारलेला हलका फटका) फाउल गेला तर बाद. आपल्याकडच्या माणसाला सांगायचं तर हा त्रिफळा आहे. झेल घ्यायला कुणी लागत नाही, पिचर आणि कॅचर दोघांत काम संपतं.

एक गंमत : तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला, तर काही परिस्थितींत बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. तो पोहोचला तरी पिचरच्या खात्यावर स्ट्राइकआउट जमा होतोच. त्यामुळे एका इनिंगमध्ये तीनच आउट असले तरी चार स्ट्राइकआउट होऊ शकतात, आणि झालेले आहेत.

डेट्रॉइटचे नाना

फेनवेकर, तुमचा क्रोशे उत्तम आहे, वादच नाही. पण साय यंग हा सगळा मोसम बघून देतात. स्कूबलचा ईआरए २.२१, लीगमध्ये सर्वात कमी. क्रोशेचा २.५९. स्कूबलने १९५ इनिंगमध्ये वॉक (चार वाईट चेंडू पडले की बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) दिले फक्त ३३, क्रोशेने ४६. तुमच्यापेक्षा १४ स्ट्राइकआउट कमी, पण १० इनिंगही कमी टाकल्यात त्याने.

आणि आकडे बाजूला ठेवून सांगतो. २५ मे २०२५, कोमेरिका पार्क, समोर क्लीव्हलँड. मी होतो तिथे. स्कूबलने पूर्ण नऊ इनिंग टाकल्या, १३ स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही, एकही धाव नाही, आणि हे सगळं ९४ चेंडूंत. शेवटचा चेंडू ताशी १०२.६ मैल. किलोमीटरमध्ये १६५ च्या वर! नवव्या इनिंगमध्ये, नव्वद चेंडू टाकून झाल्यावर, त्या दिवसाचा सर्वात वेगवान चेंडू. त्यावर बॅटर हुकला आणि सामना संपला. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला मिठी मारली. नवव्या फेरीत निवडलेला मुलगा हो हा. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये आठ फेऱ्या सगळ्या संघांनी त्याला सोडलं होतं.

मी_सिअ‍ॅटलकर

नाना, तो शिकला आमच्याकडे. सिअ‍ॅटल युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी. आणि १० ऑक्टोबरची रात्र तुम्हाला आठवत असेलच.

बाकीच्यांसाठी सांगते. प्लेऑफमधला पाचवा आणि निर्णायक सामना, जो हरेल तो घरी. स्कूबलने सहा इनिंगमध्ये आमचे १३ जण स्ट्राइकआउट केले. त्यातले ७ ओळीने, प्लेऑफच्या इतिहासात इतके सलग कुणी केले नव्हते. स्टेडियममध्ये चाळीसेक हजार माणसं आणि प्रत्येक बॅटर परतताना आमचे घसे बसत चालले होते. ९९ चेंडू झाल्यावर तो थांबला, तेव्हा टायगर्स २-१ ने पुढे होते. सातव्या इनिंगमध्ये आम्ही बरोबरी केली, आणि सामना सुरू झाल्यापासून जवळजवळ पाच तासांनी, पंधराव्या इनिंगमध्ये ३-२ ने जिंकलो.

१३ स्ट्राइकआउट करूनही संघ हरला. या धाग्याला ते उदाहरण लागू पडतं असं मला वाटतं.

डेट्रॉइटचे नाना

ताई, आठवण काढलीत, आज जेवण जाणार नाही. :)

जुना_प्रेक्षक

फेनवेकरांचं दुःख नवं नाही, बावन्न वर्षांपूर्वीचं आहे. १९७३ ला कॅलिफोर्निया एंजल्सच्या नोलन रायनने ३८३ स्ट्राइकआउट केले. १९०० नंतरचा तो विक्रम आजही उभा आहे. त्या वर्षीचा साय यंग कुणाला? बाल्टिमोरच्या जिम पामरला, ज्याचे स्ट्राइकआउट १५८ होते. निम्म्याहूनही कमी!

पण मतं देणाऱ्यांना वेडं म्हणू नका. रायनने त्या मोसमात १६२ वॉक दिले. सँडी कूफॅक्सने १९६५ ला लॉस एंजेलिस डॉजर्ससाठी ३८२ केले, म्हणजे रायनपेक्षा एकच कमी, आणि वॉक दिले ७१. कूफॅक्सला साय यंग एकमताने मिळाला. रायनला उभ्या कारकिर्दीत एकदाही नाही. ५७१४ स्ट्राइकआउट, सात नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देता संपवलेले सामने), आणि साय यंग शून्य. कारण कारकिर्दीतले २७९५ वॉक, तोही विक्रमच.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. अमेरिकन लीगमध्ये डेझिग्नेटेड हिटरचा नियम आला तोच मुळी १९७३ ला. म्हणजे रायनसमोर पिचर बॅटिंगला येत नव्हते, प्रत्येक जागेवर खरा बॅटर होता. कूफॅक्सला दर सामन्यात समोरच्या पिचरचे सोपे स्ट्राइकआउट मिळायचे. दुसऱ्या बाजूने, कूफॅक्सच्या वेळी माउंड पंधरा इंच उंच होता. १९६८ ला सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने १.१२ चा ईआरए नोंदवला, साऱ्या लीगचे बॅटर हतबल झाले, आणि पुढच्या वर्षीपासून माउंड दहा इंचांवर आणला, स्ट्राइकची चौकटही आक्रसली. रायनने त्या खालच्या माउंडवरून ३८३ केले. म्हणून माझ्या लेखी रायनचा आकडा मोठा.

जुन्या याद्यांत १८८६ सालचे मॅट किलरॉयचे ५१३ दिसतील. तो खेळ वेगळा होता, पिचर पन्नास फुटांवरून टाकायचे. आजचं साठ फूट सहा इंचांचं अंतर १८९३ ला आलं.

आकडेमोड

जुना_प्रेक्षक यांचा प्रतिसाद आवडला. त्यालाच धरून टक्केवारीची बाजू मांडतो, कारण धागाकर्त्यांनी आमच्या जमातीला नावं ठेवली आहेत. :)

एकूण स्ट्राइकआउट दोन गोष्टींतून बनतात : किती बॅटरना तोंड दिलं, आणि त्यातल्या कितव्या हिश्श्याला स्ट्राइकआउट केलं. रायनने १९७३ ला ३२६ इनिंग टाकल्या, २६ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः पूर्ण केले. समोर आलेले बॅटर साडेतेराशेच्या आसपास. ३८३ म्हणजे २८ टक्के. क्रोशेने सुमारे ८१५ बॅटरमध्ये २५५ केले, ३१ टक्के. स्कूबल ३२ टक्के. म्हणजे प्रत्येक बॅटरमागे बघाल तर दोघंही रायनच्या पुढे.

पण इथे थांबलं तर ती अर्धवट टक्केवारी. रायनच्या काळात एक संघ एका सामन्यात सरासरी पाचेक वेळा स्ट्राइकआउट व्हायचा, आज आठच्या वर होतो. २०१८ ला पहिल्यांदा असं झालं की साऱ्या मोसमात हिट्सपेक्षा स्ट्राइकआउट जास्त भरले. बॅटर आता दोन स्ट्राइक झाल्यावरही होम रनसाठीच (आपल्या षटकारासारखा फटका) घुमवतात, स्ट्राइकआउट होण्याची लाज उरलेली नाही. त्यामुळे रायनला त्याच्या काळाशी, क्रोशेला त्याच्या काळाशी ताडून बघावं लागतं. तसं पाहिलं तर रायन आपल्या काळाच्या कितीतरी पुढे होता.

आणि आता वेब. नॅशनल लीगमध्ये पहिला कोण? जो मुळात स्ट्राइकआउटसाठी ओळखलाच जात नाही तो! वेबची टक्केवारी २६. स्कीन्सची २९ च्या वर. तरी वेब पहिला, कारण त्याने २०७ इनिंग टाकल्या आणि स्कीन्सने १८८ हून थोड्या कमी. फेनवेकर, एकूण आकडाच मोठा मानायचा तर वेब हा स्कीन्सपेक्षा सरस स्ट्राइकआउट पिचर ठरतो. हे तुम्हाला मान्य आहे?

खाडीपलीकडची

मला मान्य आहे! जायंट्सचं घर आमच्यापासून खाडीच्या पलीकडे, वेबला मी वर्षानुवर्षं बघतेय. त्याचा सिंकर (खाली बुडत येणारा चेंडू) बॅटवर आला की चेंडू जमिनीलाच लागतो, सरपटी फटका जातो, इनफिल्डवाले उचलून पहिल्या बेसला फेकतात. असा माणूस स्ट्राइकआउटच्या यादीत वर येतो तो अंगमेहनतीवर. सातव्या इनिंगमध्येही तो माउंडवर असतो, बाकीचे पिचर तोवर खांद्याला बर्फ लावून बसलेले असतात. स्कीन्सचा ईआरए १.९७ होता, साय यंग त्याचाच, मी काही भांडणार नाही. पण पाचव्या इनिंगपर्यंत जीव तोडून टाकणं आणि मग खाली बसणं ही एक कला, आणि आठवड्यामागून आठवडे सातवीपर्यंत पोहोचणं ही दुसरी. दुसरीचं कौतुक करणारी निदान एक यादी तरी असू द्या की.

फेनवेकर

खाडीपलीकडची +१. मला नेमकं हेच म्हणायचं होतं.

कोल्हापूरचा_पहाटपक्षी

बॉस्टनचा संध्याकाळचा सामना आमच्याकडे पहाटे पावणेपाचला लागतो. क्रोशेची पाळी असली की गजर लावतो. घरचे म्हणतात तालमीला उठत नाहीस, याला उठतोस.

अवांतर : २००८ च्या त्या टीव्ही स्पर्धेतून पिट्सबर्ग पायरेट्सने घेतलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल कुणाला आठवतात का? उत्तर प्रदेशची पोरं, दोघंही भालाफेक करणारी. तोवर बेसबॉल हातात धरलेला नव्हता. खालच्या लीगपर्यंतच पोहोचले, पण आपल्याकडच्या पोरांना अमेरिकेतल्या क्लबने करारबद्ध केलं ही पहिलीच वेळ. रिंकू पुढे कुस्तीत गेला, डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये वीर महान या नावाने. आमच्या गावात त्याला त्या नावाने ओळखणारे पुष्कळ, पिचर म्हणून कुणीच नाही.

ओसाकावासी

अवांतर चालू आहेच तर जपानकडेही या. एका मोसमातल्या स्ट्राइकआउटचा विषय आमच्या इथे निघाला की रायनचं नाव मागाहून येतं. आधी येतो युताका एनात्सू. हान्शिन टायगर्स, १९६८, ४०१ स्ट्राइकआउट. वय वीस.

त्यातला १७ सप्टेंबरचा सामना इथले म्हातारे अजून डोळे मिटून सांगतात. कोशिएन स्टेडियम, समोर कट्टर प्रतिस्पर्धी योमिउरी जायंट्स. जुना राष्ट्रीय विक्रम ३५३ चा. एनात्सूची इच्छा होती की विक्रम मोडणारा स्ट्राइकआउट सादाहारू ओहचाच असावा. जपानमधला सर्वात मोठा होम रनवीर तो. एनात्सूने ओहला बाद करून ३५३ ची बरोबरी साधली. ओहची पाळी परत यायला मध्ये आठ बॅटर. त्या आठही जणांना त्याने मुद्दाम स्ट्राइकआउट न करता बाद केलं, समोरच्या पिचरलासुद्धा. मग ओह आला, आणि एनात्सूने त्याला स्ट्राइकआउट करून ३५४ वा घेतला. सामना अतिरिक्त इनिंगमध्ये गेला आणि विजयी फटकाही एनात्सूनेच मारला.

ठरवून स्ट्राइकआउट न करणं हे मला स्ट्राइकआउट करण्याइतकंच अवघड वाटतं. चेंडूवर केवढा ताबा हवा!

रानजाई

एनात्सूची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. धागा फार छान चाललाय.

हाडवैद्य

मी हाडांचा डॉक्टर, बेसबॉल मुलामुळे बघायला लागलो. या यादीकडे मी माझ्या धंद्याच्या नजरेने बघतो आणि मला काळजी वाटते.

२०१९ पासून दोन्ही लीगच्या स्ट्राइकआउट विजेत्यांची नावं घ्या. २०१९ : गेरिट कोल आणि जेकब डीग्रॉम. कोलची टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपरातलं फाटलेलं लिगामेंट नव्याने बसवायची) मार्च २०२५ मध्ये झाली, डीग्रॉमची दुसरी २०२३ मध्ये. २०२० : शेन बीबर आणि पुन्हा डीग्रॉम, बीबरची २०२४ मध्ये. २०२१ : रॉबी रे आणि झॅक व्हीलर, रेची २०२३ मध्ये, व्हीलरची आधीच २०१५ मध्ये झालेली. २०२२ : कोल आणि कॉर्बिन बर्न्स, बर्न्सची २०२५ मध्ये. २०२३ : अटलांटाचा स्पेन्सर स्ट्रायडर, २८१ स्ट्राइकआउट, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये कोपर उघडून आधाराची पट्टी बसवावी लागली. त्या वर्षीचा दुसरा विजेता केव्हिन गॉसमन. २०२४ चे स्कूबल आणि सेल, २०२५ चे क्रोशे आणि वेब, या चौघांची शस्त्रक्रिया विजेतेपदाच्या आधीच होऊन गेलेली : स्कूबल आणि वेबची २०१६ मध्ये, सेलची २०२० मध्ये, क्रोशेची २०२२ मध्ये.

या सगळ्यांत ज्याचं कोपर सुऱ्याखाली गेलं नाही असा मला एकटा गॉसमन दिसतो.

कोपराच्या आतल्या बाजूला एक लिगामेंट असतं. ताकदीने टाकलेल्या प्रत्येक चेंडूला ते ताणलं जातं. स्नायू व्यायामाने बळकट होतात, लिगामेंट त्या प्रमाणात होत नाही. ते फाटलं की मनगटाकडचं किंवा मांडीमागचं टेंडन घेऊन हाडात भोकं पाडून तिथे ओवतात. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ ला डॉजर्सच्या टॉमी जॉनवर ही पहिल्यांदा केली. तोवर असा पिचर सरळ घरी जायचा. कूफॅक्सचंच बघा. कोपराच्या संधिवाताने १९६६ नंतर निवृत्त झाला, अवघ्या तिशीत, त्या शेवटच्या मोसमातही ३१७ स्ट्राइकआउट करून.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये मेजर लीगने स्वतःच पिचरच्या दुखापतींचा अहवाल काढला. त्यात कारणं सांगितली ती हीच : वेगाचा हव्यास, चेंडूला जास्तीत जास्त वळण आणि फिरकी देण्याचा हव्यास, आणि प्रत्येक चेंडू सर्व ताकदीनिशी टाकणं. म्हणजे स्ट्राइकआउटसाठी जे जे करतात ते सगळं.

आकडेमोड

हाडवैद्य, यादी डोळे उघडणारी आहे, पण एक शंका. मेजर लीगमधल्या पिचरपैकी साधारण तिघांत एकाची ही शस्त्रक्रिया झालेली असते. शिवाय जो जास्त टाकतो त्याला दुखापतीची संधीही जास्त. स्ट्राइकआउट हे कारण, की वेग हे कारण आणि स्ट्राइकआउट हा त्याचा दृश्य परिणाम? वेब काही शंभर मैलांनी टाकत नाही, त्याचीही झालीच आहे, तीही खालच्या लीगमध्ये असताना.

हाडवैद्य

बरोबर. वेग हे मूळ. स्ट्राइकआउटला बक्षीस मिळतं म्हणून वेगाला बक्षीस मिळतं, एवढंच माझं म्हणणं. आणि तिघांत एक कुठे, इथे बारा विजेत्यांपैकी अकरा कुठे. एवढी तफावत मला नजरेआड करता येत नाही.

जर्सीची_आई

हाडवैद्यांचा प्रतिसाद वाचून लिहायला बसले. माझा मुलगा अकरा वर्षांचा, पिचर आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या संघाचा प्रशिक्षक वेग मोजायचं यंत्र घेऊन यायचा आणि प्रत्येक मुलाचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचा. ज्याचा सर्वात कमी, तो मुलगा गाडीत बसल्यावर रडायचा. एका शनिवार-रविवारी त्यांनी माझ्या लेकाला दोन्ही दिवस टाकायला लावलं. सोमवारी त्याला दप्तर उचलताना दुखत होतं.

मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून २०१४ ला मुलांसाठी मर्यादा ठरवून दिल्या आहेत. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ८५ चेंडू, आणि चेंडूंच्या संख्येप्रमाणे पुढे किती दिवस विश्रांती, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. मी तो कागद छापून नेला आणि प्रशिक्षकाच्या हातात दिला. या वर्षी संघ बदललाय. इथे ज्यांची मुलं टाकतात त्यांनी चेंडू स्वतः मोजा, हात जोडून सांगते. वही-पेन्सिल पुरते.

मुलाचा लाडका पिचर स्ट्रायडर आहे. त्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा लेकाने विचारलं, "आई, तो हळू टाकला असता तर वाचला असता का?" मला उत्तर देता आलं नाही.

हाडवैद्य

ताई, तुम्ही अगदी योग्य केलंत. दप्तर उचलताना दुखलं होतं म्हणता, तर एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. या वयात लिगामेंटपेक्षा हाडाच्या वाढीच्या भागाला इजा होते आणि वेळेत विश्रांती दिली तर बहुतेक वेळा ती भरून येते. खांदा आणि कोपर दुखत असताना टाकायचं नाही, हे त्याच्या मनावर ठसवा.

मी_सिअ‍ॅटलकर

जर्सीची_आई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या इथल्या पालकांना वाचून दाखवणार आहे.

जुना_प्रेक्षक

मग रायनचं काय, असा प्रश्न उरतोच. ३२६ इनिंग, शंभर मैलांचा वेग, आणि तो सेहेचाळीस वर्षांचा होईपर्यंत खेळला. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये, सिअ‍ॅटलमध्येच, त्याचं लिगामेंट गेलं आणि तो थांबला. अशी माणसं शतकात एखादी.

फेनवेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

जुना_प्रेक्षक यांनी रायनचं सांगितल्यावर मी आणखी शोधलं. २०१७ ला क्रिस सेलने ३०८ स्ट्राइकआउट केले आणि साय यंग क्लीव्हलँडच्या कोरी क्लूबरला गेला. २०१९ ला ह्यूस्टनच्या कोलने ३२६ केले आणि साय यंग त्याच्याच संघातल्या जस्टिन व्हर्लँडरला गेला, ज्याचे बरोबर ३०० होते. सेल डावखुरा, शिकागो व्हाइट सॉक्समधून आमच्याकडे आलेला, पहिल्याच मोसमात दोन्ही लीगमध्ये अव्वल आणि साय यंगमध्ये दुसरा. क्रोशे डावखुरा, शिकागो व्हाइट सॉक्समधून आलेला, पहिल्याच मोसमात अव्वल आणि साय यंगमध्ये दुसरा. बॉस्टनच्या नशिबात हेच लिहिलेलं दिसतंय.

क्रोशेबद्दल मला इतकं का वाटतं ते सांगतो. २०२४ ला तो अशा व्हाइट सॉक्स संघात होता जो १२१ सामने हरला. त्या संघासाठी त्याने १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट केले. तोवर त्याने मेजर लीगमध्ये कधी स्टार्टर म्हणून सामना सुरू केलेला नव्हता, आणि मागे २०२२ ची शस्त्रक्रिया. मोसमाच्या उत्तरार्धात त्याला चार-चार इनिंगवर थांबवत होते, हात जपायला. तिथून पुढच्याच वर्षी २०५ इनिंग. हाडवैद्यांची यादी वाचल्यावर मला तर हा २५५ चा आकडा आणखी मोठा वाटायला लागलाय. टक्केवारी सांगते कोण किती भेदक. एकूण आकडा सांगतो की एवढं भेदक राहूनही सप्टेंबरअखेर उभा कोण होता. स्कूबलला साय यंग मिळाला यात नानांशी मी भांडत नाही, २.२१ समोर माझ्याकडे उत्तर नाही. पण ही यादी जुनी झाली, तिला अर्थ उरला नाही, असं म्हणणाऱ्यांशी भांडत राहणार.

डेट्रॉइटचे नाना

हे मान्य. हात मिळवा.

आकडेमोड

धागाकर्त्यांचा शेवटचा परिच्छेद मलाही पटला. तरी स्ट्राइकआउटचं वजन का जास्त धरतात याबद्दल एक भर घालतो. व्होरोस मॅक्रॅकन नावाच्या अभ्यासकाने २००१ मध्ये लिहिलं की चेंडू एकदा बॅटला लागून मैदानात गेला की पुढे तो हिट होणार की नाही, यावर पिचरचा ताबा वाटतो त्याहून फार कमी असतो. क्षेत्ररक्षक, मैदान, नशीब हे सगळं त्यात येतं. पिचरचं स्वतःचं म्हणावं असं तीनच : स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण गाभा टिकला. म्हणून संघ आज पिचर निवडताना आधी स्ट्राइकआउट बघतात. विजय आणि पराभव कुणी बघत नाही.

कोल्हापूरचा_पहाटपक्षी

आता मुद्द्याचं बोला. पुन्हा कुणी ३०० करेल का? २०१९ च्या कोल-व्हर्लँडरनंतर एकही नाही.

आकडेमोड

हिशेब सोपा आहे. वेबने २०२५ ला सुमारे ८५५ बॅटरना तोंड दिलं. ३०० साठी त्याच्याइतके बॅटर आणि ३५ टक्के लागतील. स्ट्रायडरने २०२३ ला जवळपास ३७ टक्के गाठले, पण बॅटर ७६० च्या आसपास, म्हणून २८१ वर अडला. पेड्रो मार्टिनेझने १९९९ ला ३७ च्या वर टक्के आणि ८३५ बॅटर, म्हणून ३१३. एवढी टक्केवारी असलेले पिचर आजही आहेत. त्यांना सातव्या इनिंगपर्यंत टाकू देणारे मॅनेजर कमी झालेत.

खाडीपलीकडची

म्हणजे स्ट्रायडरचा हात आणि वेबचा दम एका माणसात हवा.

डेट्रॉइटचे नाना

त्या माणसाला नवव्या इनिंगमध्ये १०२.६ ने टाकताना मी पाहिलंय. ३२ टक्के आहेत, ३५ ला वेळ लागणार नाही.

फेनवेकर

नाना, ३०० होणार, पण ते आमच्या फेनवे मैदानात. क्रोशे सव्वीस वर्षांचा आहे.